खडकीला पाणी देणारा मलिक अंबर

घरातील वडीलधारे माणूस अल्लाहला प्यारे झाले की त्यांच्या ईसाले-सवाबसाठी काय करावे, हा प्रश्न आरमोरीत मला नेहमी विचारला जातो. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते : एक बोरिंग. इरादा उत्तमच आहे. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावे विहीर खोदविली होती, हे आपण जाणता. परंतु पाणी देणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी मी आज आपल्यापुढे आपल्याच महाराष्ट्रातील एक जीवन ठेवतो.

मलिक अंबर सुमारे 1548 साली हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादला पोहोचला. तेथील धनी मीर कासिम याने त्याला लिहिणे-वाचणे, हिशेब शिकविला. अंबर हे नावही त्यानेच दिले. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी व पूर्वीचा गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला आणि त्याच्या मृत्यूनंतर मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरची चाकरी केली. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा अंबरने घोडेस्वार जमविले, दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले आणि पुढील पाव शतक ते राज्य जिवंत ठेवले. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आहेत. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल व विजापूरच्या एकत्रित फौजेचा त्याने पराभव केला. शहाजीराजे भोसले त्या दिवशी त्याच्या बाजूने लढले.

परंतु आपण लढायांपाशी थांबू नये. 1610 साली दौलताबादजवळील खडकी या लहान गावी अंबरने नवे शहर वसविले. जागा मोक्याची होती, पण खाम नदीचे पाणी एवढ्या वस्तीला पुरणारे नव्हते. तेव्हा त्याने शहराच्या उत्तरेकडील डोंगरांकडे लक्ष दिले. त्यांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेले पाणी होते. तेथून भुयारी कालवा खोदून, दगड-विटा-चुन्याने बांधून, अगदी बेताचा उतार देऊन तो शहरापर्यंत आणला गेला. हीच नहर-ए-अंबरी. कालवा झाकलेला असल्यामुळे त्यात धूळ पडत नसे, गुरे शिरत नसत, ऊन पाणी पीत नसे. शहरात मातीच्या नळांनी ते हौदांपर्यंत व वस्त्यांपर्यंत जाई. मोट नाही, रहाट नाही. उतारच सगळे काम करी. आणि कालव्यावर ठरावीक अंतराने उभी विवरे ठेवलेली होती, उजेड व हवा जावी म्हणून, आणि माणसाने आत उतरून गाळ काढावा म्हणून. या विवरांकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. बांधणाऱ्याने बांधतानाच जाणले होते की हे साफ करावे लागणार आहे.

1616 मध्ये मोगलांनी खडकी लुटून जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली.

याला सदका म्हणावे काय? अंबर राज्यकर्ता होता, शहर त्याच्या फौजेसाठीही होते, आणि आपला प्रतिस्पर्धी राजू याला त्याने निर्दयपणे दूर केले होते. त्याला वली ठरविण्याची घाई आपण करू नये. नीयतीचा हिशेब अल्लाहकडे आहे. पण प्रजेच्या घशाला पाणी पोहोचविणे हा हाकिमावरील हक्क आहे, आणि तो त्याने अदा केला, एवढे निश्चित.

1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, त्याचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान याला राज्य राखता आले नाही. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली तरी नहर वाहत राहिली, आणि पुढे त्याच पद्धतीने आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे पाणी अशाच एका नहरीचे. नंतर विवरे बुजली, त्यांवर घरे उठली, आणि बराचसा कालवा मुका झाला.

मागील उन्हाळ्यात एका जनाजाहून परतताना जवळच्या गावी एक बोरिंग पाहिली. मरहूमांच्या नावाची संगमरवरी पाटी स्वच्छ होती. दांडा मोडलेला होता. बाया शेजारच्या बोडीतून गढूळ पाणी भरत होत्या. तेव्हापासून कोणी बोरिंगचा विषय काढला की मी आधी विचारतो, तिचा वायसर कोण बदलणार आणि त्याचे पैसे कोठे ठेवले आहेत? एक-दोघे नाराजही झाले. एका भावाने मात्र मलाच उलट विचारले की दुसऱ्याच्या नावाची बंद बोरिंग दुरुस्त केली तर सवाब आपल्या वडिलांना पोहोचेल काय. मी त्यांना होय म्हणून सांगितले. पुढच्या जुम्यानंतर ते मिस्त्रीला घेऊन त्या गावी गेले.