कॉर्नेलिस ड्रेबेल
कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२, आल्कमार - ७ नोव्हेंबर, १६३३, लंडन) हे डच संशोधक होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरण्याचे शिक्षण त्यांनी हेंड्रिक गोल्टझियस यांच्याकडे घेतले. पुढे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा आश्रय त्यांना लाभला. १६२० च्या सुमारास थेम्स नदीत चालवलेल्या पाणबुडीचे कौतुक अधिक झाले. तथापि स्वतःची उष्णता स्वतःच आवरणारी भट्टी हे त्यांचे अधिक मोलाचे कार्य होय.

अंडी उबवण्याच्या पेटीलाही त्यांनी हीच योजना लावली. पेटीभोवतीच्या पाण्यात मद्यार्क व पारा भरलेले पात्र असे. उष्णता वाढली की मद्यार्क प्रसरण पावून पारा वर ढकली. पाऱ्यावर टेकलेली दांडी तरफेच्या साहाय्याने धुराड्याची झडप लावी आणि हवेचा ओघ घटून विस्तव मंदावे. पाणी निवले की झडप पुन्हा उघडे. आजच्या बेकरीतील गॅसभट्टीच्या थर्मोस्टॅटमध्येही तापून फुगणारा द्रवच झडप हलवतो. मात्र तेथे हवेऐवजी गॅस आवरला जातो.

या यंत्रणेचे वर्णन ड्रेबेल यांनी स्वतः प्रसिद्ध केले नाही. त्यांचे जावई असलेल्या कुफ्लर बंधूंच्या घराण्यामुळे ती पुढच्या पिढीला कळली. अखेरच्या काळात ड्रेबेल लंडनमध्ये मद्यगृह चालवून उपजीविका करीत.