मेंदूच्या धमन्यांचे पहिले छायाचित्र : डॉ. एगास मोनिझ

लिस्बन येथील सान्ता मार्ता रुग्णालयात २८ जून १९२७ रोजी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डोक्याचे क्ष-किरण छायाचित्र घेण्यात आले. त्याच्या पीयूषिका ग्रंथीवर गाठ होती. छायाचित्रात कवटीच्या हाडांबरोबर मेंदूच्या धमन्याही स्पष्ट उमटल्या होत्या. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या इतक्या स्पष्टपणे वैद्यकाला त्या दिवशी प्रथमच दिसल्या. हे संशोधन करणारे डॉ. अंतोनियो एगास मोनिझ त्या वेळी ५२ वर्षांचे होते.

मोनिझ यांचा जन्म उत्तर पोर्तुगालमधील आवांका या गावी २९ नोव्हेंबर १८७४ रोजी झाला. एगास मोनिझ हे मध्ययुगातील एका पोर्तुगीज वीराचे नाव. ते त्यांना घरच्यांनी दिले आणि पुढे तेच रूढ झाले. कोइंब्रा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी फ्रान्समध्ये मज्जाविकारांचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये ते लिस्बनला मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. याच काळात राजकारणही सुरू होते. ते संसदेचे सदस्य, स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत त्यांनी आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. त्यानंतर मात्र त्यांनी राजकारण सोडले. ज्या वयात पुष्कळजण संशोधन थांबवितात, त्या वयात त्यांचे खरे संशोधन सुरू झाले.

मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे, हे कवटी न उघडता कसे कळावे, हा त्या काळातील बिकट प्रश्न होता. मेंदू क्ष-किरणांत जवळजवळ दिसतच नाही. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेण्याची पद्धत काढली होती, परंतु ती रुग्णाला अतिशय त्रासदायक होती. मोनिझ यांनी वेगळा विचार केला. क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य मानेतील कॅरोटिड धमनीत सोडले, तर मेंदूतील धमन्यांचे जाळे उमटेल आणि गाठीमुळे सरकलेली धमनी त्या गाठीची जागा दाखवील, अशी त्यांची कल्पना होती.

आधी कुत्र्यांवर आणि मृतदेहांच्या मस्तकांवर प्रयोग झाले. निरोगी मेंदूतील धमन्यांची नेहमीची मांडणी ठाऊक असल्याशिवाय बिघाड ओळखता येणार नव्हता. तरुणपणापासून जडलेल्या गाऊट या संधिविकाराने मोनिझ यांचे हात वाकडे झाले होते. त्यामुळे शस्त्रक्रियेचे काम त्यांचे तरुण सहकारी डॉ. पेद्रो अल्मेडा लिमा करीत. रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांत स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले गेले. त्यांपैकी एक रुग्ण दगावला. हा मृत्यू या यशाच्या इतिहासाचा भाग आहे, तो वगळून ही कथा सांगणे योग्य होणार नाही. त्यानंतर मोनिझ यांनी द्रव्य बदलले आणि २५ टक्के सोडियम आयोडाइडच्या द्रावणाने नवव्या रुग्णात यश आले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी पॅरिसमधील तज्ज्ञांसमोर ही पद्धत मांडली. मेंदूच्या अँजिओग्राफीचा हा आरंभ होय.

गाठी शोधण्यासाठी निघालेल्या या पद्धतीने हळूहळू दुसरेच दालन उघडले. कवटीत शिरताना कॅरोटिड धमनी इंग्रजी एस या अक्षरासारखी वळते. त्या वळणाला मोनिझ यांनी सायफन हे नाव दिले. १९३३ मध्ये त्यांनी धमनीवरील फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्यूरिझम, छायाचित्रात दाखविला. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. इंग्लंडचे थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले असल्याने ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाठ्यपुस्तकात हे कडे सुबक आणि पूर्ण असते. प्रत्यक्षात असंख्य लोकांत त्याचा एखादा दुवा जन्मतःच बारीक असतो किंवा नसतोच. गर्भावस्थेत मेंदूच्या मागील भागाला कॅरोटिडकडून रक्त मिळते, पुढे ते काम मानेच्या मणक्यांतून वर येणाऱ्या धमन्यांकडे जाते. काहींमध्ये ही जुनी व्यवस्था आयुष्यभर तशीच राहते. ट्रायजेमिनल नावाची गर्भकालीन धमनीही क्वचित टिकून राहते. हे वेगळेपण पूर्वी शवविच्छेदनाच्या मेजावरच कळत असे, म्हणजे रुग्णाच्या उपयोगी न पडण्याच्या वेळी.

मोनिझ यांचे नाव आज या कामासाठी क्वचितच घेतले जाते. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अँजिओग्राफीसाठी नोबेल पुरस्काराकरिता १९२८ पासून त्यांची शिफारस झाली होती, पण ती फळाला आली नाही. १९४९ चे नोबेल त्यांना स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांच्यासमवेत मिळाले, ते या शस्त्रक्रियेसाठी. पुढे अमेरिकेत तिचा बेसुमार वापर झाला, अनेक रुग्ण कायमचे मंद व निरिच्छ झाले आणि हा पुरस्कार परत घेण्याची मागणीही रुग्णांच्या नातेवाइकांनी केली. अँजिओग्राफीही निर्दोष राहिली नव्हती. १९३१ पासून वापरात आलेले थोरोट्रास्ट हे द्रव्य किरणोत्सर्गी असून शरीरात साठते आणि अनेक वर्षांनी यकृताचा कर्करोग घडविते, हे नंतर उघड झाले.

१९३९ मध्ये एका मनोरुग्णाने मोनिझ यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते बचावले. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षे स्वीडनचे सेल्डिंगर यांनी त्वचेतून सुईच्या मार्गाने नळी सरकविण्याची युक्ती शोधली होती.

सीटी अँजिओग्राफीत आता द्रव्य हाताच्या शिरेतून दिले जाते. एमआरआयच्या एका पद्धतीत तर द्रव्यही लागत नाही. वाहते रक्तच चित्रात उजळ दिसते. अशा तपासणीच्या अहवालात एखादी धमनी जन्मतः बारीक असल्याची नोंद आढळते. बहुतेकदा तो आजार नसतो आणि त्यावर उपचारही लागत नाहीत. परंतु मानेतील धमनी शस्त्रक्रियेत काही मिनिटे बंद ठेवायची असेल, तर दुसऱ्या बाजूचे रक्त मेंदूच्या त्या भागापर्यंत पोहोचेल की नाही, हे शल्यविशारद याच नोंदीवरून आधी पाहून घेतात.