बार्बरा मॅक्लिंटॉक : मक्याच्या ठिपक्यांतून जनुकाची रचना ओळखणाऱ्या शास्त्रज्ञ

मक्याच्या कणसात एखादा दाणा ठिपक्यांचा निघाला की आपण तो बहुधा बाजूला टाकतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मात्र असे दाणे वर्षानुवर्षे जपून ठेवले, पुन्हा पेरले आणि त्यांची नोंद ठेवली. जनुक तेच असूनही त्याचे काम कधी पूर्ण, कधी अर्धवट, तर कधी बंद का असते, याचे उत्तर त्यातून मिळू लागले. त्या उत्तराचा आपल्या भाताशी आणि स्वीट कॉर्नशी थेट संबंध आहे.

शिक्षण आणि सुरुवातीचे काम

मॅक्लिंटॉक यांचा जन्म 16 जून 1902 रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील डॉक्टर होते. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, या भीतीने आईचा कॉलेजला विरोध होता. वडिलांनी साथ दिली आणि 1919 मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. 1927 मध्ये त्यांना वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळाली.

मक्याची दहा गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखण्याची पद्धत त्यांनी बसवली. 1931 मध्ये हॅरिएट क्रायटन यांच्यासोबत त्यांनी मोठी गोष्ट सिद्ध केली. संकरात गुणांची अदलाबदल होते, तेव्हा गुणसूत्रांच्या तुकड्यांचीही प्रत्यक्ष अदलाबदल होते. आज आपण संकरित वाणांबद्दल जे बोलतो, त्यामागे हा पाया आहे.

एवढे करूनही त्यांना कायमची नोकरी मिळायला वेळ लागला. 1936 ते 1941 या काळात त्या मिसुरी विद्यापीठात होत्या. 1941 मध्ये त्या न्यूयॉर्कजवळ समुद्राच्या खाडीकाठी असलेल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात आल्या आणि पुढे तेथेच राहिल्या. 1945 मध्ये अमेरिकेच्या आनुवंशिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

ठिपके कशामुळे पडतात?

केंद्राच्या शेतात त्या मका लावत, हाताने परागीभवन करत आणि दाणे तपासत. काही दाण्यांवर जांभळे ठिपके होते. कुठे ठिपका मोठा, कुठे अगदी बारीक. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांना कारण उमगले. गुणसूत्रावरचा एक तुकडा जागा बदलत होता.

हे समजण्यासाठी आगरातला पाट आठवा. पाटात दगड अडकला की पुढच्या माडांना पाणी मिळत नाही. माड चांगले असतात, विहिरीला पाणीही असते, पण वाट बंद असते. रंगाच्या जनुकात हा तुकडा घुसला की रंग तयार होत नाही. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तुकडा निघून गेला, की त्या पेशीपासून पुढे झालेल्या सर्व पेशींत रंग येतो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. हा तुकडा स्वतः हलत नाही, त्याला हलवणारा दुसरा घटक लागतो, हेही त्यांनी दाखवले. त्या दुसऱ्या घटकाच्या प्रती वाढल्या की ठिपके बारीक होतात.

1950 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि 1951 च्या परिषदेत मांडले. जनुके माळेतल्या मण्यांसारखी जागेवर पक्की असतात, असे तेव्हा मानले जाई. त्यामुळे फार थोड्यांना त्यांचे म्हणणे पटले. 1953 नंतर त्यांनी या विषयावर मुख्य नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबवले, पण पेरणी आणि नोंदी थांबवल्या नाहीत. 1957 पासून त्यांनी लॅटिन अमेरिकेतील मक्याच्या स्थानिक जातींचाही अभ्यास केला.

पुढे जिवाणूंमध्येही असे फिरते तुकडे सापडले आणि जग त्यांच्या कामाकडे वळले. 1983 मध्ये वयाच्या 81 व्या वर्षी त्यांना एकट्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 1990 मध्ये मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कारण कळले. स्टार्चच्या एका जनुकात सुमारे 800 अक्षरांचा, मॅक्लिंटॉक यांच्या तुकड्यांसारखाच एक तुकडा घुसला होता. 2 सप्टेंबर 1992 रोजी मॅक्लिंटॉक यांचे निधन झाले.

आपल्या भाताशी संबंध

मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या ज्या जनुकांवर काम केले, त्यांत 'वॅक्सी' हे एक. हेच जनुक भातातही आहे. ते अमायलोज नावाचा स्टार्च तयार करते. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो आणि थंड झाल्यावर कडक लागतो. कमी असेल तर भात मऊ व चिकट होतो.

जनुकाच्या मजकुरात काही भाग असे असतात, जे वापरण्यापूर्वी कापून काढावे लागतात. भातातील वॅक्सी जनुकाच्या अशा पहिल्या भागाच्या सुरुवातीला एकच अक्षर बदललेले असले, तर कापणी नीट होत नाही. जनुक चालू राहते, पण त्याचे उत्पादन सुमारे दहापट घटते आणि अमायलोज कमी होते. पूर्ण चिकट भातात 23 अक्षरांचा मजकूर दोनदा आल्याने जनुक निकामी झालेले असते, त्यामुळे अमायलोज जवळजवळ नसतेच.

कमी अमायलोजच्या वाणांत ही कापणी तापमानावरही अवलंबून असते. दाणा थंडीत भरला तर अमायलोज वाढते, उष्णतेत भरला तर कमी होते. एकाच बियाण्याचा भात दोन हंगामांत वेगळा लागण्याचे हे एक कारण आहे.

गणपतीपुळे परिसरातील शेतकऱ्यांसाठी

- उकडीच्या मोदकांसाठी पिठी विकायची असेल, तर आंबेमोहोरासारख्या मऊ शिजणाऱ्या वाणाचे शुद्ध बियाणे निवडा. पारी चिरणे हे बहुतेकदा वाणाचे लक्षण असते. खत वाढवून ते बदलणार नाही.
- मऊ आणि मोकळ्या भाताचे वाण मळणी, साठवण व गिरणीत वेगळे ठेवा. भात स्वपरागी आहे. वाण शुद्ध ठेवले तर गुण टिकतो.
- दोन वाणांची तुलना करताना तांदूळ सारखाच जुना घ्या. नवा तांदूळ कोणत्याही वाणाचा असला तरी अधिक चिकट होतो.
- पर्यटकांसाठी स्वीट कॉर्न लावत असाल, तर साध्या मक्यापासून निदान 250 मीटर अंतर ठेवा किंवा पेरणीत दोन ते तीन आठवड्यांचे अंतर ठेवा. स्वीट कॉर्नमध्ये स्टार्चचे एक जनुक निकामी असते म्हणून साखर टिकते. साध्या मक्याच्या परागातून चालू जनुक आले की ते दाणे त्याच हंगामात पिठाळ होतात.
- पूर्ण चिकट तांदूळ ओळखायचा असेल, तर दाणा कापून त्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. साधा तांदूळ निळा-काळा होतो, पूर्ण चिकट तांदूळ तांबूस-तपकिरी. मऊ आणि मोकळा यांतला फरक मात्र या चाचणीत कळत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. बियाण्याच्या प्लॉटमधील वेगळे रोप भेसळ टाळण्यासाठी काढलेच पाहिजे. पण ते फेकण्यापूर्वी त्याचा फोटो, वाण, पेरणीची तारीख आणि वेगळेपण लिहून ठेवा. लोंबी किंवा कणीस पक्व झाले असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जवळच्या शिरगाव येथील कृषी संशोधन केंद्राला दाखवा. बहुतेक वेळा ती साधी भेसळ निघेल. क्वचित एखादा उपयोगी बदलही असू शकतो, आणि नोंद असेल तरच तो पुढे तपासता येतो.