विजेला वेसण घालणारा यंत्रज्ञ : सेबॅस्टियन फेरांटी

मोठ्या कारखान्यात एखादी कुलूपबंद खोली हमखास आढळते. तिच्या दारावर कवटी व दोन हाडे रंगविलेली असतात आणि खाली ‘धोका’ हा शब्द असतो. आत पत्र्याची उंच कपाटे ओळीने उभी असतात, त्यांच्यापुढे रबरी चटई अंथरलेली असते आणि प्रत्येक कपाटापासून धातूची एक पट्टी निघून जमिनीत पुरलेली असते. कारखान्याची सर्व यंत्रे चालविणारी वीज या खोलीतून जाते. तेथे काम करणारा मनुष्य संध्याकाळी सुखरूप घरी परततो, याचे आपणांस आज काही विशेष वाटत नाही. परंतु ही सुरक्षितता कोणी आयती दिलेली नाही. ज्यांनी ती कष्टाने, आणि प्रसंगी अपयश सोसून, सिद्ध केली त्यांत सेबॅस्टियन झियानी द फेरांटी या यंत्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. विद्यार्थिमित्रहो, त्याच्याच चरित्राचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

फेरांटीचा जन्म 9 एप्रिल 1864 रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी झाला. वडील छायाचित्रकार होते आणि आई पियानोवादनात निपुण होती. घर असे कलावंतांचे. पण मुलाचे चित्त मात्र यंत्रांत रमले. शाळेत असतानाच तो विजेची उपकरणे जुळवू लागला. पुढे काही काळ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून त्याने सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात उमेदवारी केली. 1882 साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने नव्या धर्तीचे विद्युज्जनित्र तयार केले आणि भागीदारीत स्वतःचा व्यवसायही मांडला.

त्या काळी लंडनमध्ये वीज म्हणजे श्रीमंतांची चैन होती. बाँड स्ट्रीटवरील ग्रोव्हनर गॅलरी या चित्रशाळेसाठी उभारलेल्या वीजघरातून शेजारच्या घरांनाही वीज दिली जाई. पण तेथील व्यवस्था सदोष होती. ती सुधारण्यासाठी फेरांटीला पाचारण करण्यात आले. विजेचा दाब कमीअधिक करणारी रोहित्रे एकापुढे एक जोडलेली होती, ती त्याने समांतर जोडली. त्यामुळे एका घरचे दिवे विझले तरी दुसऱ्या घरच्या दिव्यांवर त्याचा परिणाम होईनासा झाला.

या यशाने त्याला मोठे स्वप्न पडले. गल्लोगल्ली लहान वीजघरे बांधण्यापेक्षा शहराबाहेर, थेम्स नदीच्या काठी डेप्टफर्ड येथे एकच प्रचंड वीजघर उभारावे, कोळसा नावांनी आणावा, पाणी नदीचे घ्यावे आणि तेथून सुमारे सात मैलांवरील लंडनच्या मध्यभागी वीज पाठवावी, अशी त्याची योजना होती. इतक्या दूर वीज न्यावयाची तर दाब वाढविला पाहिजे. दाब जितका अधिक तितका प्रवाह थोडा पुरतो, आणि प्रवाह थोडा असला की तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्तीही कमी होते. त्याने 10,000 व्होल्ट दाब ठरविला. दोन-अडीच हजार व्होल्ट हीच तेव्हा मोठी मजल समजली जात असे. कंपनी 1887 साली स्थापन झाली तेव्हा या मुख्य यंत्रज्ञाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

एवढा दाब सोसणारी वाहिनी बाजारात मिळेना. म्हणून फेरांटीने ती स्वतःच निर्माण केली. तांब्याच्या एका नळीभोवती मेणात भिजविलेल्या तपकिरी कागदाचे वेढे देऊन त्यावर तांब्याची दुसरी नळी चढविली. प्रत्येक तुकडा वीस फुटांचा होता. म्हणजे एका वाहिनीला दीड हजारांहून अधिक सांधे आले. त्यांतील एक जरी कच्चा राहिला तरी सर्व श्रम व्यर्थ होणार होते.

रस्त्याखालून जाणाऱ्या या विजेने माणसे मरतील, अशी सरकारी अधिकाऱ्यांना धास्ती होती. तिचे निरसन फेरांटीने प्रत्यक्ष प्रयोगाने केले. 10,000 व्होल्टची वीज खेळत असताना त्याच्या एका सहकाऱ्याने हाताने छिनी धरली आणि ती वाहिनीत आरपार ठोकण्यात आली. वितळतार तत्क्षणी वितळून प्रवाह बंद पडला. छिनी धरणाऱ्याला काहीही इजा झाली नाही. यात चमत्कार नव्हता. बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली असल्यामुळे विजेला माणसाच्या शरीरातून जाण्याऐवजी धातूतून जमिनीकडे जाण्याची सोपी वाट मिळाली होती. कारखान्यातील कपाटाची जमिनीत पुरलेली पट्टी हेच कार्य करते.

वाहिनी अशी कसोटीस उतरली. पण घात झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. नोव्हेंबर 1890 मध्ये, ग्रोव्हनर गॅलरीच्या वीजघरात एका कामगाराच्या हातून स्विच चालविताना चूक झाली. उच्च दाबाचा स्विच हवेत उघडला की दोन टोकांमधील हवा तापून स्वतःच वीज वाहू लागते आणि ठिणगीची ज्वाळा बनते. ती ज्वाळा विझेना. आग भडकली आणि वीजघर भस्मसात झाले. पाठोपाठ डेप्टफर्डची रोहित्रेही अतिरिक्त भाराने निकामी झाली. सुमारे तीन महिने वीजपुरवठा बंद राहिला, ग्राहक सोडून गेले, आणि 1891 साली फेरांटीला कंपनीचा निरोप घ्यावा लागला.

आम्हांला या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग येथे दिसतो. एका मनुष्याच्या क्षणिक चुकीने जर सर्व इमारत जळत असेल, तर उणीव केवळ त्या मनुष्यात नसून यंत्राच्या रचनेतही आहे. फेरांटी खचला नाही. त्याने स्वतःच्या कारखान्यात रोहित्रे व मीटर यांबरोबरच स्विचांच्या निर्मितीकडेही लक्ष दिले. तेलात बुडविलेल्या स्विचाच्या आद्य निर्मात्यांत त्याची गणना होते. अशा स्विचात तेल ठिणगीला थंड करून विझविते आणि आग पसरण्यास अवसर देत नाही. 1896 साली त्याचा कारखाना ओल्डहॅमजवळ हॉलिनवुड येथे गेला आणि पुढे जगविख्यात झाला. त्याची डेप्टफर्डची वाहिनी तर चाळीस वर्षांहून अधिक काळ सेवेत राहिली.

ज्या कल्पनेपायी त्याला पद सोडावे लागले, तीच पुढे सर्वमान्य झाली. 1910 साली विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने त्याला अध्यक्ष निवडले, 1927 साली रॉयल सोसायटीने सदस्यत्व देऊन गौरविले. 13 जानेवारी 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे त्याचे निधन झाले.

आज तेलाच्या जागी बहुधा निर्वात किंवा विशिष्ट वायू भरलेले स्विच आले आहेत. परंतु दक्षतेचे नियम सुटलेले नाहीत. यंत्र उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, त्याला कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवावी, ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी, वीज खरोखरच गेली आहे की नाही हे मापकाने तपासावे आणि मगच वाहक जमिनीशी जोडून हात घालावा. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या अशा खोल्यांतून काम करतील. पाच मिनिटे वाचविण्यासाठी यांतील एखादी पायरी गाळण्याचा मोह होईल, तेव्हा ग्रोव्हनर गॅलरीची ती आग आठवावी. घरी वाट पाहणाऱ्या माणसांपेक्षा ती पाच मिनिटे मोलाची नाहीत, एवढे ध्यानी धरले तरी या थोर यंत्रज्ञाचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.