गणपतराव शिपायाची चाकरी

नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यात गोरटे म्हणून गाव आहे. तेथे दासगणू महाराजांचे समाधिस्थान आहे. त्यांच्या गजानन विजय ग्रंथाचे पारायण आपल्यापैकी पुष्कळांनी केले असेल. पण तो रचणारा हात एके काळी पोलिसाची काठी धरीत होता, हे सगळ्यांच्या ध्यानी नसते.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे त्यांचे नाव. जन्म ६ जानेवारी १८६८ चा, नगर जिल्ह्यातील अकोळनेरचा. शिक्षण बेताचेच. पोलीसखात्यात शिपाई झाले. लावण्या रचण्याचा आणि तमाशाचा नाद मोठा. नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीस गेले, तेव्हा साईबाबांनी त्यांना ही नोकरी सोडावयास सांगितले. गणपतरावांना ते काही पटेना. त्यांना फौजदार व्हायचे होते! आम्ही त्यांना नावे ठेवीत नाही. सरकारी पगार आणि बढतीची आशा कोण सहजी सोडील?

पुढे कान्हा भिल्ल या दरोडेखोराच्या मागावर रामदासी वेष घेऊन ते एका देवळात राहिले. कान्ह्याला सुगावा लागला आणि तो समोर येऊन उभा राहिला. जीव वाचला तर नोकरी सोडीन, असे गणपतरावांनी बाबांना मनोमन कबूल केले. जीव वाचला, नोकरी मात्र सुटेना. फौजदारीचा मोह पुन्हा आडवा आला. एक पाय शिर्डीकडे, एक कचेरीकडे, अशा माणसाला अन्न तरी गोड लागेल का? अखेर १९०३ च्या सुमारास त्यांनी चाकरी सोडली. फौजदार काही झाले नाहीत.

मग नांदेडला आले. त्या काळी हा मुलूख निजामाचा. अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनास निघालेल्या दासगणूंना बाबांनी तो थाट उतरावयास लावला होता. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार, हातात चिपळ्या, असेच ते उभे राहत. कीर्तनाचे मोल त्यांनी घेतले नाही, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. त्याच नांदेडात मौलीसाहेब नावाचे एक सत्पुरुष हमाली करून राहत. पाठीवर ओझे आणि मन मोकळे! रतनजी शेट या पारशी गृहस्थाने त्यांचा सत्कार केला, त्याचा खर्च तीन रुपये चौदा आणे आला, ही कथा साईचरित्रात आहे.

दासगणूंना ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र उलगडेना. पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण तो सोडवील, असे बाबांनी सांगितले. पंडित हसले असतील! तेथे जाऊन सकाळी पाहतात तो आठ वर्षांची पोर, अंगावर चिंध्या, भांडी घासता घासता नारिंगी लुगड्याचे गाणे गाते आहे. दासगणूंच्या सांगण्यावरून मोरेश्वर प्रधानांनी तिला लुगडे दिले. दुसऱ्या दिवशी ते नेसून तिने फुगडी घातली. तिसऱ्या दिवशी लुगडे घरी ठेवून चिंध्यांतच आली, आणि गाणे तेच, आनंद तोच. तेव्हा दासगणूंना मंत्राचा अर्थ कळला.

आता, एवढ्याशा पोरीने भांडी घासावी हे आम्हांला गोड वाटत नाही. गरीब आनंदी असतो, मग त्याला फाटके राहू द्या, असा सोयीचा अर्थ कोणी काढील, तर त्याने नीट पाहावे. महाराजांनी आधी लुगडे देवविले, मग अर्थ घेतला.

ज्याला शिपाईगिरी जड झाली, त्याने १९३९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शेगावी बसून गजानन विजयचे एकवीस अध्याय पुरे केले. त्यानंतरही तेवीस वर्षे ते होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी, पंढरीतच त्यांचा देह पडला.