शंकर आबाजी भिसे : अक्षरांच्या साच्यांपासून आयोडीनच्या औषधापर्यंत

मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची एसआर गोळी घेणारे काही जण घाबरून दवाखान्यात येतात. शौचातून गोळी जशीच्या तशी पडली, म्हणजे औषध अंगी लागलंच नाही, अशी त्यांची समजूत असते. तुम्हालाही असं दिसलं असेल तर घाबरू नका. बाहेर पडतो तो बहुतेक वेळा गोळीचा रिकामा सांगाडा. त्यातलं औषध काही तासांत हळूहळू सुटून रक्तात गेलेलं असतं. हा सांगाडा पॉलिमरचा असतो आणि त्याला मॅट्रिक्स म्हणतात.

गंमत म्हणजे जुन्या छापखान्यात अक्षराच्या साच्यालाही मॅट्रिक्सच म्हणत. नाशिक रोडला नोटांचा छापखाना असल्याने छपाई आपल्याला परकी नाही. पण मला इथे आठवतात ते मुंबईचे शंकर आबाजी भिसे. त्यांनी अर्धं आयुष्य साच्यांवर घालवलं आणि पुढे एक औषधही बनवलं.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोळशापासून गॅस तयार करण्याचं छोटं यंत्र बनवलं होतं. पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने आपोआप वजन करून माल देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा ठेवली आणि भिसे यांनी ती जिंकली. मग त्यांनी थेट इंग्लंड गाठलं. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला.

लंडनमध्ये त्यांनी हात घातला तो छपाईचे खिळे ओतण्याच्या कामाला. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, थंड झाला की अक्षर तयार. त्या काळची यंत्रं हे काम सावकाश करत. एकाच वेळी अनेक साच्यांतून खिळे पाडणारं यंत्र भिसे यांनी तयार केलं, ते ‘भिसोटाइप’. १९१० मध्ये रतन टाटांच्या पैशावर टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात ती गुंडाळावी लागली. दुसरा कोणी असता तर मुंबईला परतला असता. भिसे न्यूयॉर्कला गेले आणि ओतकामाचं नवं यंत्र पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. त्यांच्या नावावर सुमारे ४० पेटंटं आहेत. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणत.

अमेरिकेतच त्यांनी ‘ॲटोमिडीन’ हे आयोडीनचं औषध बाजारात आणलं. आयोडीन जंतू मारतं हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण आयोडीनच्या स्वभावात होती. तुमच्या आजीला विचारा, खरचटल्यावर टिंक्चर लावलं की कशी आग व्हायची. त्यातलं आयोडीन स्पिरिटसह एकदम कातडीवर येतं, जंतूंबरोबर आपल्या पेशींनाही भाजतं, आणि जोर लवकर संपतो. पोटात घ्यायला चालेल असं सौम्य आयोडीन देण्याचा भिसे यांचा प्रयत्न होता. त्या औषधाबद्दल पुष्कळ दावे झाले. पण आज आपण ज्या चाचण्यांवर विसंबतो, तशा चाचण्या तेव्हा होतच नव्हत्या. त्यामुळे डॉक्टर म्हणून मी ते कोणालाही सुचवणार नाही. भिसे यांचं मोठेपण मला त्यांच्या यंत्रांत दिसतं, औषधात तितकं नाही.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९५५ च्या सुमारास, अमेरिकेतच आयोडीनला आवरणारा पदार्थ सापडला. तो होता पोव्हिडोन नावाचा पॉलिमर, म्हणजे एकाच घटकाची लांबच लांब साखळी. ही साखळी आयोडीन धरून ठेवते आणि थोडं थोडं सोडते. तुमच्या घरातल्या तपकिरी मलमावर किंवा बाटलीवर पोव्हिडोन आयोडीन असं लिहिलेलं असतं, ते हेच. १० टक्क्यांच्या द्रावणात कामाला येईल असं आयोडीन १ टक्का असतं आणि त्यातलंही अगदी थोडं एका वेळी मोकळं असतं. जंतूंवर ते खर्च झालं की साखळी आणखी सोडते. म्हणून आग फारशी होत नाही.

अशी साखळी औषधाला नुसतं धरून ठेवते. औषधाच्या रेणूच्या मापाचा साचाच बनवला तर? १९७२ पासून रसायनशास्त्रज्ञ हे करू लागले. जर्मनीचे गुंटर वुल्फ हे त्यातलं सुरुवातीचं नाव. औषधाच्या रेणूभोवती पॉलिमर जमवायचं, घट्ट झालं की रेणू धुऊन काढायचा. मागे उरते नेमकी त्याच आकाराची पोकळी, तीही त्या रेणूला ओढून धरणारी. खिळा काढल्यावर मेणात ठसा राहावा तशी. त्या पोकळीत औषध पुन्हा भरलं की ते सहजासहजी निसटत नाही, सावकाश सुटतं. हे कण केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान बनवता येतात. गाठीजवळच्या आम्लधर्मी वातावरणातच औषध सोडतील असे कण बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. काचबिंदूचं औषध सावकाश सोडणाऱ्या अशा कॉन्टॅक्ट लेन्स सशांच्या डोळ्यांवर तपासल्या गेल्या आहेत.

पण तुमच्या आजारासाठी हे कण आज मेडिकलमध्ये मिळणार नाहीत. साचा बनवताना वापरलेला रेणू पूर्ण निघाला का, आणि काम झाल्यावर पॉलिमर शरीराबाहेर जातं का, हे प्रश्न अजून सुटायचे आहेत.

तोपर्यंत घरातल्या औषधांचं बघा. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असलेली गोळी चावू नका, कुटू नका. सांगाडा मोडला की दिवसभराचं औषध एकदम रक्तात येतं. वडीलधाऱ्यांना गिळायला जमत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्या. थायरॉइडचा त्रास असेल, गर्भारपण असेल किंवा बाळ तान्हं असेल, तर मोठ्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीन रोज लावण्याआधी विचारा, कारण थोडं आयोडीन कातडीतून आत जातं. आणि ऑनलाइन मिळणारे आयोडीनचे थेंब शक्तीसाठी म्हणून घेत असाल तर आजच थांबवा. जास्त आयोडीनने थायरॉइड मंदावतोही आणि भडकतोही. टीएसएच तपासून घ्या आणि येताना थेंबांची बाटली सोबत आणा.