ग्वाल्हेरची तांबडी कण्हेर आणि बाबर

आपल्या ग्वाल्हेरीत पुष्कळांच्या अंगणात तांबड्या कण्हेरीचे झुडूप असते. देवपूजेसाठी चार फुले तोडण्यापलीकडे तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. चीक विषारी म्हणून गुरेही तिच्या वाटेस जात नाहीत. परंतु इ. स. १५२८ च्या सप्टेंबर महिन्यात याच गावी एका बागेतील ही कण्हेर पाहून हिंदुस्थानचा बादशहा मोहित झाला, आणि तिची रोपे त्याने आग्र्यास नेऊन आपल्या बागांत लावविली. हा बादशहा म्हणजे मोगल राज्याचा संस्थापक जहिरुद्दीन महंमद बाबर. पानिपत आणि खानवा येथील त्याच्या विजयांची हकीकत आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतोच. येथे त्याच्या दुसऱ्या छंदाविषयी लिहावयाचे आहे.

बाबराचा जन्म १४ फेब्रुवारी १४८३ रोजी फरगण्यातील अंदिजान येथे झाला. बाराव्या वर्षी तो गादीवर बसला. समरकंद त्याने जिंकले, गमावले, पुन्हा जिंकले आणि पुन्हा गमावले. अखेर १५०४ साली काबूल हाती आल्यावर त्याचे पाय स्थिर झाले, आणि पाय स्थिर होताच त्याने बागा लावावयास आरंभ केला. आदिनापूरजवळच्या बाग-ए-वफा या उद्यानात त्याने संत्री व डाळिंबे लावली. पुढे लाहोरकडून केळी आणवून तीही तेथे रुजविली. काबूलच्या परिसरातील डोंगरउतारांवर फुलणाऱ्या रानट्युलिपचे प्रकार त्याने मोजविले, ते बत्तीस-तेहतीस भरले. एका शरद ऋतूत सफरचंदाचे एक कोवळे झाड त्याला दिसले. त्याच्या प्रत्येक फांदीवर पाच-सहाच रंगलेली पाने नेमक्या क्रमाने उरली होती. चित्रकारांनी कितीही यत्न केला तरी असे चित्र त्यांच्या हातून उतरणार नाही, असे त्याला वाटले आणि त्याने ते लिहून ठेवले. ज्याच्या मागे सदैव शत्रू लागलेले, त्याने झाडाची पाने मोजीत उभे राहावे, याचे मला तरी मोठे नवल वाटते.

१५२६ च्या एप्रिलमध्ये पानिपतची लढाई जिंकून तो आग्र्यास आला, तो ऐन उन्हाळ्यात. हिंदुस्थान त्याला मुळीच आवडला नाही. उष्मा, सोसाट्याचा वारा आणि धूळ या तिहींनी तो गांजून गेला. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, अशी त्याची तक्रार. त्याचे कित्येक सरदार कंटाळून काबूलला परतले. तो मात्र राहिला. यमुनेपलीकडची जमीन इतकी ओसाड होती की तिच्याकडे पाहून त्याचे मन विटले, तरी तेथेच त्याने विहीर खणविली, हौद व हमामखाना बांधविला आणि फुलझाडांचे वाफे आखले. नदीच्या त्या काठाला लोक काबूल म्हणू लागले. पुढे बल्खच्या एका माळ्याने आग्र्याच्या बागेत खरबुजे पिकवून दाखविली, द्राक्षेही धरली, तेव्हा बाबराला अतिशय आनंद झाला.

देश आवडला नाही म्हणून त्याने डोळे मिटले नाहीत, हे विशेष. तुर्की भाषेत लिहिलेल्या आपल्या आत्मवृत्तात त्याने येथील ऋतूंचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याच्या देशी ऋतू चार. येथे चार-चार महिन्यांचे उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तीन, आणि तीन वर्षांनी एक अधिक मास, हे सर्व त्याने विचारून घेतले. पावसाळ्यातील हवा त्याला फार आवडे, परंतु त्या ओलीने धनुष्ये निकामी होत आणि पुस्तके खराब होत. मे १५२९ मध्ये पूर्वेकडील स्वारीत एका रात्री अकस्मात वादळ होऊन त्याचा तंबू कोसळला. लिहिलेले कागद भिजून चिंब झाले. ते गोळा करून रात्रभर शेकोटीवर वाळवीत तो जागला. म्हणूनच आज आपल्याला हा मजकूर वाचावयास मिळतो.

त्यात झाडावर सरसर चढणारी खार आहे, मोर आहे, कोकीळ आहे. येथील बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून सहा-सात गज धावत जातो, हेही त्याने टिपले आहे. आपल्या तळ्याकाठी पावसाळ्यात कोणालाही ते पाहता येईल. पोपट पढविलेलेच बोलतो, अशी त्याची समजूत होती. एका सेवकाने सांगितले की, पिंजरा झाकला असता आपल्या पोपटाने गुदमरत असल्याची तक्रार केली. बाबराने ही गोष्ट लिहिली, पण खऱ्या-खोट्याचा भार सांगणाराच्या माथी ठेवला.

ग्वाल्हेरीस तो पावसाळ्याच्या अखेरीस आला. मानसिंहाचा महाल त्याने हिंडून पाहिला. येथील अंमलदार रहीमदाद याने एक बाग केली होती, तीत कण्हेरी फार होत्या. इतरत्र कण्हेर पीचच्या फुलासारखी फिकी, येथली गर्द तांबडी. एका ठिकाणी चौदा-पंधरा फुले उमलतात आणि दुरून ते एकच मोठे फूल भासते, इतक्या बारकाईने त्याने या झाडाचे वर्णन केले आहे.

याच मुक्कामात आणखी एक गोष्ट घडली, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. किल्ल्याच्या उरवाही दरीत तोमर राजांच्या काळी खडकात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती आहेत. दरीचे ठिकाण रम्य आहे असे त्याने लिहिले, आणि मूर्ती फोडण्याची आज्ञा दिली. पुष्कळ मूर्तींचे मुखभाग तेव्हा भंगले. काहींचे जैन समाजाने पुढे चुन्याने पुन्हा घडविले. पाकळ्या मोजणारी दृष्टी आणि ही आज्ञा एकाच माणसाची. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे मला उमगलेले नाही.

२६ डिसेंबर १५३० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बाबर आग्र्यास मरण पावला. प्रथम त्याला यमुनेपलीकडच्या बागेतच पुरले. काही वर्षांनी त्याचा देह काबूलला नेण्यात आला, आणि तेथील डोंगरउतारावरच्या त्याच्याच एका बागेत त्याची कबर आहे.